माझं कानडी आणि बेंगळुरूच्या अंगणवाड्या

बेंगळुरूला जाऊन आले म्हटलं की कराडात सगळे विचारतात, लालबाग पाहिली का, राजवाडा पाहिला का, तिथल्या इडल्या कशा असतात. इडल्या चांगल्या असतात. बाकी मी काही पाहिलं नाही. दोन आठवड्यांत मी पाहिल्या त्या तीन सरकारी अंगणवाड्या आणि एका सरकारी शाळेतला बालवर्ग, आणि लिहिणार आहे तेही त्यांच्याबद्दलच. ज्यांना राजवाड्याचं वाचायचंय त्यांनी खुशाल पान उलटावं.

मी शालन. कराडजवळच्या एका गावात बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवली. गावात मला नावानं कोणी हाक मारत नाही, मी सगळ्यांची ताई. माझी मुलगी स्वातीसुद्धा त्याच सतरंजीवर वाढली आणि शाळेत जाईपर्यंत मला चारचौघांत ताईच म्हणायची. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. माझ्या जागी अजून कोणाला नेमलेलं नाही. शेजारच्या गावची सेविका आठवड्यातून तीन दिवस येऊन कशीबशी निभावते. हा विषय निघाला की माझी जीभ आवरत नाही, आणि बेंगळुरूतही ती आवरली नाही.

स्वाती आणि जावई महेश तिकडं असतात. ती इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कॉम्प्युटर कंपनीत, तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कारखान्यात. त्यांची रेवा साडेतीन वर्षांची. घरात रेवाची टकळी क्षणभर थांबत नाही, आणि घराबाहेर पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. खासगी प्लेस्कूलमध्ये चार महिने घातली, चार महिन्यांत तिनं तिथं एक शब्द काढला नाही. शू आली तरी सांगायची नाही, पाय जुळवून उभी राहायची. शेवटी त्यांनी ‘थोडी मोठी झाली की आणा’ असं गोड बोलून घरी पाठवली. डॉक्टरांनी कान तपासले, जीभ तपासली, सगळं ठणठणीत. तेवढ्यात स्वातीच्या कंपनीनं घरून काम करणं बंद केलं. फेब्रुवारीपासून रोज ऑफिसला जायचंच. तिनं मला फोन केला. “आई, तू हिला वर्ष-दीड वर्ष कराडला घेऊन जातेस का?” एवढं म्हणाली आणि फोन तसाच धरून रडायला लागली.

मी धीर दिला. म्हटलं, आधी मी तिकडं येते, तिथल्या सरकारी अंगणवाड्या बघू. पोर कुठं रमली तर उत्तमच, नाही रमली तर मी आहेच. हे झालं बोलायचं. मनातून मी रेवाला घेऊन यायचं ठरवूनच निघाले होते. निवृत्त झाल्यापासून घर खायला उठतं. मी शेजारणीलासुद्धा सांगून टाकलं होतं की नात येणार आहे.

फ्लॅटांच्या मागचं गाव

स्वातीच्या गॅलरीतून पुढं बघितलं की नुसत्या काचेच्या इमारती, आणि मागच्या बाजूला बघितलं की चक्क म्हशी. शहर वाढत वाढत आलं आणि मधलं एक गाव तसंच राहून गेलं. मारुतीचं देऊळ, शेवग्याची झाडं, पत्र्याची घरं, त्यात बांधकामावर काम करणारी माणसं भाड्यानं राहतात. त्या गावात एका खोलीची अंगणवाडी आहे. पहिल्या सोमवारी सकाळी मी रेवाला घेऊन तिथं गेले. स्वातीला मुद्दाम आणलं नव्हतं. आई बरोबर असली की पोर आईलाच चिकटते.

अंगणवाडी बघायची माझी एक रीत आहे. भिंतीवरचे तक्ते मी बघत नाही, ते मुख्यसेविका तपासायला येणार असली की एका रात्रीत लागतात. मी आधी बघते पिण्याचं पाणी कुठं ठेवलंय. पोराच्या हाताला येईल असं असलं तर अर्धी पसंती तिथंच. मग बघते बाई कुठं बसलीय, खुर्चीत की खाली.

इथं दारात ताजी रांगोळी होती आणि आत जायला तीन उंच पायऱ्या. रेवा धडपडत चढायला लागली तशी मी म्हटलं, “हळू, हळू!” आतून मदतनीस बाई डोकावली, हसली, मान डोलावून आत गेली आणि स्टीलच्या पेल्यातून दूध घेऊन आली. मला म्हणाली, “हालु, हालु.” मी मनात म्हटलं, काय पाहुणचार आहे बाई! अजून चपला काढल्या नाहीत तोवर दूध. रेवानं मुकाट्यानं पिऊन टाकलं.

पाणी कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर होतं. बाई खाली बसली होती. मंजुळा तिचं नाव, चाळिशीची, केसांत केशरी अबोलीचा गजरा. पोरी पण सगळ्या गजरे माळून आलेल्या. आमच्याकडं सकाळी पोरींच्या वेण्या घालून पाठवल्या तरी आया उपकार करतात. मंजुळाभोवती पंधरा-सोळा पोरं गोल करून बसली होती आणि मध्ये पातेलं, त्यात भिजवलेले पावटे. थंडीच्या दिवसांत बेंगळुरूत जिकडंतिकडं पावटेच असतात, उपम्यात पावटे, भातात पावटे. पोरं एकेक दाणा चिमटीत धरून दाबत होती आणि सालीतून आतली डाळ टुपकन उडत होती. दुपारच्या सांबाराची तयारी, आणि बोटांची कसरतही. आम्ही त्यासाठी मणी ओवायला देतो. पावटे कसे सुचले नाहीत मला बत्तीस वर्षांत! मी तिथल्या तिथं ते मनात टिपून ठेवलं.

मंजुळाला कानडी, तेलुगू आणि थोडी तमिळ येत होती. हिंदी जेमतेम. माझं कानडी म्हणाल तर दोन दिवसांत भाजीवाल्याकडून आणि रिक्षावाल्याकडून उचललेले चार शब्द : सरी म्हणजे ठीक, स्वल्प म्हणजे थोडं, इल्ला म्हणजे नाही, आणि कुणालाही अण्णा म्हणायचं. एवढ्या भांडवलावर मी तिला सांगितलं की मीही तुझ्याच कामातली. छातीवर हात ठेवून म्हटलं, “मैं भी अंगणवाडी. ताई. ताई!” ती हसली, पण तिला कितपत कळलं देव जाणे.

एवढ्यात काय झालं, रेवा माझा पदर सोडून पुढं सरकली. पातेल्यात हात घालून एक दाणा घेतला, दाबला. डाळ उडाली ती थेट मंजुळाच्या कपाळावर, कुंकवाच्या वर. पोरं खिदळली. मंजुळानं डोळे मोठे करून खोटं खोटं रागावून पाहिलं. रेवानं दुसरा दाणा उचलला, तिच्यापुढं धरला आणि स्पष्ट म्हणाली, “ताई!”

माझ्या अंगावर काटा आला. ‘तिथल्या बाईंना ताई म्हणायचं’ असं मीच तिला घरी शिकवलं होतं, पण ती म्हणेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मंजुळाचा चेहरा मात्र बदलला. तिनं एकदा रेवाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हलक्या आवाजात विचारलं, “तायि इल्लवा?”

इल्ला मला येत होतं, ताई तर आपलाच शब्द. मला वाटलं, ही विचारतेय, तुम्ही निवृत्त झालात, मग तुमच्या गावाला आता ताई नाही? माझ्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलं तिनं. मी तावातावानं म्हटलं, “इल्ला! ताई इल्ला! दोन वर्षं!” दोन बोटं दाखवली. आणि हे सगळं वरच्या साहेब लोकांमुळं, हे कळावं म्हणून बोट वर छताकडं केलं.

मंजुळाचे डोळे भरून आले. मला भरून आलं. म्हटलं, रिकाम्या जागेचं कुणाला एवढं वाईट वाटतंय, ही खरी अंगणवाडीवाली! आणि मग तिनं रेवाला जवळ ओढलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “अय्यो, पाप! पाप, पाप!” मदतनीसही दारातून बघून म्हणाली, “पाप!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या नातीला पाप म्हणते? मुलगी म्हणून? सावळी म्हणून? “पाप कुणाला म्हणतेस गं?” मी मराठीतच ओरडले, रेवाला उचललं आणि पायऱ्या उतरले. मंजुळा मागून काहीतरी बोलत दारापर्यंत आली. मी वळून बघितलं नाही. रेवा माझ्या खांद्यावरून मागं बघत भोकाड पसरून रडत होती. पावट्यांसाठी रडतेय, असं मी स्वतःला सांगितलं.

घरी स्वातीनं विचारलं, “कशी होती?” मी म्हटलं, “जागा बरी आहे, पण बाईच्या तोंडाला लगाम नाही. तिथं नको.” “आणि रेवा काही बोलली?” मी म्हटलं, “जेवायला वाढ आधी.” ती ‘ताई’ म्हणाली हे मी सांगितलं नाही. का नाही ते मला तेव्हाही माहीत होतं.

राजाजीनगर

माझी चुलत बहीण सुलोचना लग्न होऊन बेंगळुरूला गेली त्याला चाळीस वर्षं झाली. तिचं सासर मूळचं निपाणीकडचं, आता राजाजीनगरात मुरलेलं. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते, आता मीही म्हणते. तिच्या मराठीत निम्मं कानडी. दार उघडलं तेच म्हणाली, “बा शालन, बा! ये आत, आधी स्वल्प काफी घे, मग शाळा.” महेशचा कारखाना तिच्या घरापासून जवळ, आणि स्वातीच्या घराचा करारही संपत आला होता. राजाजीनगरात चांगली जागा सापडली तर घर इकडं हलवायचं, असं आमचं ठरलं होतं.

आधी अक्कानं सरकारी शाळेतला बालवर्ग दाखवला. झकास. रंगीत छोट्या खुर्च्या, भिंतभर इंग्रजी अक्षरं, बुटांची रांग सरळ. तरुण बाई, पोरं तिला मिस् म्हणतात. तिनं हात हलवत इंग्रजी गाणं म्हणून दाखवलं आणि पोरं एका सुरात तिच्यामागं म्हणाली. आमच्याकडं सरकारी बालवर्गात अजून एवढं नाही, उगाच का खोटं बोलू. पण तिथं चार वर्षं पुरी लागतात. रेवा बसत नव्हती.

त्याच आवारात अंगणवाडी होती, तिथं दोन तास बसलो. बाई वयस्कर, मायाळू, पण मोबाईलवर माहिती भरण्यात बुडालेली. कोण किती आलं, कुणाचं वजन किती, जेवणाचा फोटो. तो मोबाईल मी स्वतः चार वर्षं सोसलाय, त्यामुळं मी तिला नाव ठेवणार नाही. संक्रांत नुकतीच झाली होती. तिनं रेवापुढं एळ्ळु-बेल्ला धरलं, म्हणजे त्यांचा तिळगूळ. आपण लाडू वळतो, हे लोक सगळं सुटंच ठेवतात, तीळ, गुळाचे खडे, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे. खायला सोपं, पण हातात धरायला अवघड, निम्मं सांडतं. रेवानं हात पुढं केला नाही. दोन तास माझ्या पदरात तोंड खुपसून बसली. मला वाईट वाटायला हवं होतं. मी मात्र मनातल्या मनात तिच्या फ्रॉकांच्या घड्या घालत होते.

दुपारी अक्कानं अक्की रोटी केली, तांदळाच्या पिठाची, आत कांदा, मिरची आणि अर्थातच पावटे. मी तीन खाल्ल्या. “कसं वाटलं?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “पोर कुठं बोलतच नाही, काय करणार?” बोलताना मी ताटातच बघत होते.

चिकपेट

एक दिवस विश्रांती घेऊन गुरुवारी अक्काला घेऊन मेट्रोनं चिकपेटला गेलो. महेशच्या मित्राचं तिथं रिकामं घर होतं. चिकपेट म्हणजे कापडाचा बाजार. साड्यांचे गठ्ठे डोक्यावर, हातगाड्यांवर, दुचाकीवर तीन तीन रचलेले, आणि त्यातून आपण वाट काढायची. एका गठ्ठ्यानं माझा चष्मा उडवला. हमालानं तो उचलून पुसून हातात दिला आणि उलट मलाच म्हणाला, “नोडि अम्मा, नोडि!” अक्का म्हणाली, “बघून चाल म्हणतोय.”

अंगणवाडी एका देवळामागं, पहिल्या मजल्यावर. जिना असा उभा की माझेच गुडघे बोलायला लागले. अंगण नाही. पण आत गेले आणि हरखले. दुकानांतून कापडाच्या चिंध्या आणून बाईनं टोपल्या भरल्या होत्या. पोरं रंगांप्रमाणे चिंध्या लावत होती, मऊ एकीकडं, खरखरीत एकीकडं, झुळझुळीत तिसरीकडं. चार वर्षांची एक पोर डोळे मिटून, नुसतं चाचपून हे रेशीम, हे सूत असं सांगत होती. सरकारकडून येणाऱ्या खेळण्यांच्या संचाची मी इतकी वर्षं वाट बघायची, आणि ही बाई खाली बाजारात जाऊन टोपली भरून आणते.

तिथली मदतनीस पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या मराठी शिंप्यांच्या घरातली निघाली. “ये बाळा, भिऊ नको, तुझं नाव काय?” जुन्या वळणाचं, कानडी हेल काढलेलं मराठी, पण मराठी! मला वाटलं, आता बोलेल. रेवानं डोळे गच्च मिटून घेतले. मराठी गाणं झालं, मराठी गोष्ट झाली, पोर ढिम्म. म्हणजे भाषेचा प्रश्न नव्हता. जिना उतरताना मी अक्काला म्हटलं, “झालं. सगळं बघून झालं. मी रविवारी घेऊन जाते तिला.”

आम्ही एका जुन्या हॉटेलात शिरलो. रेवाला डोशाचा कुरकुरीत तुकडा देऊन गप्प केलं आणि कॉफी येईपर्यंत मी अक्काला सोमवारची हकीकत सांगितली. इतके दिवस पोटात ठेवली होती. ते दूध, ते पावटे, रिकामी जागा, छताकडं केलेलं बोट आणि मग ते पाप. “सांग मला, तीन वर्षांच्या लेकराला कोणी पाप म्हणतं?”

अक्का हसायला लागली ती इतकी की शेजारच्या टेबलावरचे लोक वळले. डोळे पुसत म्हणाली, “अगं ए शहाणे! अय्यो पाप म्हणजे बिच्चारी गं! कानडीत पाप म्हणजे गरीब बिचारं! ती तुझ्या नातीची कीव करत होती!”

“कीव कशाला?”

“कानडीत तायि म्हणजे आई! पोर तिला आई म्हणाली असं वाटलं तिला. म्हणून तिनं विचारलं, हिला आई नाही का? आणि तू काय सांगितलंस? इल्ला! दोन वर्षं झाली! आणि वर बोट दाखवलंस!” तिला पुन्हा हसू फुटलं. “आणि हालु म्हणजे दूध. हळू हळू म्हणून तूच दूध मागितलंस.”

मीही हसले. हसता हसता कॉफी ठसक्यातून नाकात गेली. स्वाती तिकडं लॅपटॉपपुढं बसलेली, आणि मी इकडं तिला दोन वर्षांपूर्वीच देवाघरी पाठवून मोकळी!

मग अक्काचं हसू ओसरलं. तिनं पेला खाली ठेवला. “थांब. रेवा ताई म्हणाली? तोंडानं? बाहेरच्या बाईला?”

“हो.”

“स्वातीला सांगितलंस?”

मी रेवाचं तोंड पुसायला लागले.

“शालन, त्या बाईला वाटलं पोरीला आई नाही. ती चुकली, सरी. पण तू हिला घेऊन गेलीस की रोज संध्याकाळी ही आई कुठं बघणार? फोनवर?”

मी अक्कावर चिडले. तुला काय कळतंय, तुझी नातवंडं तुझ्याच घरात आहेत, असंही म्हणाले. मेट्रोत आम्ही शेजारी बसलो, पण मी तोंड फिरवून. रेवा माझ्या मांडीवर झोपली होती. तिच्या केसांना तेलाचा वास येत होता, सकाळी स्वातीनं लावलेल्या. मला माझीच लाज वाटली. बत्तीस वर्षं मी लोकांच्या पोरांच्या आयांना समजावत आले, आणि स्वतःच्या लेकीला पोर बोलल्याचं सांगितलं नव्हतं.

पुन्हा त्या तीन पायऱ्या

संध्याकाळी स्वाती कोथिंबीर निवडत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. आईवाला घोटाळा ऐकून ती हसली. मग मी ‘ताई’चं सांगितलं आणि तिचे हात थांबले.

“चार महिने मी रोज त्या प्लेस्कूलच्या दारात विचारायचे, आज काही बोलली का. रोज नाही म्हणायचे. ती बोलली, आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“मला न्यायची होती तिला,” मी म्हटलं. “एकटीला करमत नाही मला.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मीच बोलावलं ना तुला न्यायला,” आणि कोथिंबीर उचलून आत गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, “उद्या मी सुट्टी टाकते. मला बघायचीय ती अंगणवाडी.”

सकाळी तिघी गेलो. मला पायरीवर बघून मंजुळा उठून उभी राहिली. भांडायला आलीय असं तिला वाटलं असणार. स्वातीनं पुढं होऊन आपल्या मोडक्यातोडक्या कानडीत सांगितलं, “नानु… तायि.” मी तायि, मी आई.

मंजुळानं तोंडावर हात ठेवला. मग पुढं येऊन तिनं स्वातीचा दंड चाचपून बघितला. खरंच बघितला, वांगं बघतात तसा. मी कान पकडले. स्वातीनं खुणा करत, मध्ये मध्ये इंग्रजी घालत रिकाम्या जागेची सगळी भानगड समजावली. मंजुळा आणि ती मदतनीस एकमेकींच्या अंगावर रेलून हसल्या. हसता हसता मंजुळाच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं स्वातीचा हात बराच वेळ सोडला नाही.

मग कामाला लागली. रेवाला पातेल्यापाशी बसवलं. मी सवयीनं कोपऱ्यात बूड टेकायला गेले तशी माझ्याकडं वळून म्हणाली, “होगि, होगि.” आणि बाहेर बोट केलं. मला, बत्तीस वर्षांच्या सेविकेला! पण बरोबर होतं तिचं. मीही हेच करायचे. आजी, निघा आता, तुम्ही दिसता तोवर पोर रडणार, असं सांगून मी कितीतरी आज्या बाहेर काढल्या, आणि त्या वळून वळून बघत जायच्या तेव्हा मला त्यांचा राग यायचा.

स्वाती आणि मी शेवग्याच्या झाडामागं उभ्या राहिलो. रेवा रडली. चांगलं दहा-पंधरा मिनिटं रडली. स्वातीनं दोनदा पाऊल उचललं आणि दोन्ही वेळा मी तिचा हात धरला. मला तर धावत जाऊन उचलून आणावंसं वाटत होतं. मग आवाज बारीक झाला, थांबला. कुणीतरी खिदळलं. ती रेवा होती का दुसरी कुणी, हे आम्हाला बाहेरून कळेना, म्हणून आम्ही तशाच उभ्या राहिलो. बाराच्या सुमाराला ती बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना पावट्यांचा वास येत होता आणि केसांत कुणाच्या तरी गजऱ्यातली दोन अबोलीची फुलं खोवलेली होती.

पुढचे सात-आठ दिवस मी रोज तिला पोचवायला गेले आणि रोज मला दारातून परत पाठवलं. सगळं सुरळीत झालं असं नाही. एक दिवस तिनं शू केली आणि कुणाला सांगितलंच नाही. एक दिवस जेवली नाही. पण हळूहळू बोलायला लागली, आधी मंजुळाशी, मग तिच्याएवढ्याच एका उडिया पोरीशी. त्या दोघी कुठल्या भाषेत बोलतात ते त्यांनाच ठाऊक. बाकीची पोरं मंजुळाला मिस् म्हणतात. रेवा ताईच म्हणते. मी एकदा ते सुधारायला गेले तर मंजुळानं माझ्यावर डोळे वटारले. महेशनं घर बदलायचा विचार सोडला. आता दुपारी मदतनीस रेवाला आपल्या घरी नेते आणि सहा वाजता स्वाती तिला तिथून घेते.

रविवारी संध्याकाळी तिघं मला बसवर सोडायला आली. बॅगा चढल्या. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, पण जीभ कुठली ऐकतेय. रेवाला कडेवर घेतलं आणि म्हटलं, “येतेस का माझ्याबरोबर कराडला?”

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, तळहात पुढं केला आणि म्हणाली, “बेडा.”

हा शब्द मला येत नव्हता. मी स्वातीकडं बघितलं. स्वातीला हसावं की काय करावं कळेना. “आई, नको म्हणतेय ती. कानडीत.”

मला लागलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच लागलं. पण घराबाहेर ज्या पोरीच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, ती भर रस्त्यात, अनोळखी माणसांच्या गर्दीत, आजीला तोंडावर नको म्हणत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, लोक चढायला लागले. मला ते अजून एकदा ऐकायचं होतं. मी पुन्हा विचारलं, “नक्की येत नाहीस ना?”

“बेडा!” ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की तिकिटं तपासणारा माणूससुद्धा वळून बघायला लागला.